समुद्राकडच्या परड्यात वेलभाज्या उभ्या कशा चढवाव्यात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून फार लांब नाही. घराच्या पश्चिमेला, भिंत आणि गडगा (कुंपणाची ठेंगणी दगडी भिंत) यांच्यामध्ये साधारण ८ फूट रुंद आणि २५ फूट लांब पट्टा आहे. जागा अरुंद म्हणून तुम्ही पीव्हीसी पाईप उभे केलेत, त्यावर नायलॉनची जाळी ताणलीत आणि दोडका, दुधी, काकडी चढवलीत. जुलैत एका रात्रीच्या वाऱ्यात सगळं आडवं झालं. त्याआधीही फुलं भरपूर होती, पण कोवळी फळं पिवळी पडून गळत होती. आता तुम्ही विचारताय की जास्त मजबूत जाळी कुठली घ्यावी. शिवाय शेजारी कारलं लावलं तर दुधी कडू होतो का, हेही विचारलंय.

माझ्या मते अडचण जाळीच्या मजबुतीची नाही. उभ्या जाळीवर वेल चढवण्याची जी चित्रं आपण बघतो, ती बहुतेक कमी पावसाच्या, कमी वाऱ्याच्या जागांची असतात. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. तुमची जाळी दक्षिणोत्तर उभी आहे, म्हणजे वाऱ्याला छाती दाखवून. नुसती जाळी वारा सोडते, पण पानांनी गच्च भरलेली जाळी म्हणजे गलबताचं शीड. ती जितकी मजबूत, तितका सगळा जोर खांबांच्या बुडाशी येतो. नायलॉन तुटलं नाही, पाईप वाकले, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा जाळी टिकलीच होती.

म्हणून मी लोकांना पहिली गोष्ट सांगतो ती ही: कोकणात वेलाचा आधार ऋतूप्रमाणे बदलायचा. पावसाळ्यात उतरता मांडव आणि नवरात्रानंतर उभी जाळी. एकच रचना बारा महिने चालवायला गेलात तर निम्मं वर्ष ती तुमच्याविरुद्ध काम करते.

तुमच्या पट्ट्यात तर उतरत्या मांडवाची निम्मी तयारी आधीच आहे, ती म्हणजे गडगा. तीन-साडेतीन फुटांचा जांभ्याचा गडगा पश्चिमेचा वारा बुडाशी अडवतो. मांडवाची खालची कड गडग्याच्या माथ्यावर टेकवायची आणि वरची कड घराच्या बाजूला, साडेसहा फुटांच्या खांबांवर घ्यायची. वारा गडग्यावर चढतो आणि उतारावरून वर निघून जातो, समोर आपटत नाही. पानं वरच्या अंगाला राहतात, फळं खाली लोंबतात आणि तुम्ही खाली उभे राहून हाताने काढू शकता. गडगा रचीव, सुट्या दगडांचा असेल तर आडव्या काठ्यांचा भार थेट त्यावर देऊ नका, गडग्याला लागून आखूड खांब पुरा. चिऱ्यांचा पक्का असेल तर खुशाल टेकवा.

वरची कड कुठे थांबवायची हे पागोळ्या ठरवतात आणि हे बरेच जण विसरतात. छपराचं पाणी जिथे धार धरून पडतं ती रेघ बघून घ्या. मांडव त्या रेघेच्या एक फूट अलीकडे संपला पाहिजे. आषाढातल्या पागोळ्या वेलाच्या शेंड्यावर पडत राहिल्या तर पानं फाटतात आणि फुलं टिकत नाहीत. त्याच कारणाने रोपं भिंतीकडे न लावता गडग्याच्या पायथ्याशी लावा. पागोळ्यांखाली जमीन दिवसभर चिखल असते आणि या वेलांची मुळं तुंबलेल्या पाण्यात चार दिवसही नीट राहत नाहीत. तुमची पागोळी भिंतीपासून दोन फुटांवर पडते असं धरलं तर मांडवाला पाच फूट रुंदी मिळते. घरच्या भाजीला ती पुरेशी आहे.

सामानाबद्दल. मी माणगा बांबू वापरतो. तो जवळजवळ भरीव असतो आणि खांबाला त्याच्यासारखा टिकत नाही दुसरा कुठला. बांबू जून झालेला, थंडीत तोडलेला घ्या. दोन-तीन आठवडे वहाळाच्या पाण्यात बुडवून ठेवला की भुंगा कमी लागतो. जमिनीत जाणाऱ्या दोन फुटांना डांबर लावा किंवा ते टोक विस्तवावर करपवून घ्या. जागा सड्यावरची, म्हणजे कातळाची असेल आणि दोन फूट खणणं शक्य नसेल, तर चार चिरे रचून त्यांच्या मधल्या पोकळीत खांब उभा करून ठोकून बसवा आणि तिरका तणाव द्या. काही परड्यांत मी गिरिपुष्पाचे दांडे खांब म्हणून पुरलेत. पावसात ते मूळ धरतात, म्हणजे कुजण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त फुटवा दर महिन्याला छाटावा लागतो, नाहीतर वेलावर सावली धरतो. छाटलेला पाला वेलाच्याच बुडाशी घालायचा.

आडव्या काठ्यांवर सुंभ किंवा काथ्याची दोरी वीत-दीड वीत अंतराने ओढा. विकतची जाळी घ्यायचीच असेल तर भोकं हाताचा पंजा सहज आरपार जाईल इतकी मोठी हवीत. बारीक भोकाच्या जाळीत काकडी अडकून वाढते, मग काढताना एक तर फळ तुटतं नाहीतर वेल. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते आणि चैत्र-वैशाखात इतकी तापते की कोवळे ताणे करपतात. सुंभ एकाच हंगामात संपतो, हे खरं. पण हंगाम संपल्यावर वेलासकट कापून तो खतात टाकता येतो, नायलॉनमधून वाळलेले ताणे सोडवत बसावं लागत नाही.

वेळेचं गणितही सांगतो. खांब आणि आडव्या काठ्या मे महिन्यात उभ्या करा, जमीन कोरडी असताना त्या घट्ट बसतात. पण सुंभ त्यावर नंतर ओढा, वेल गडग्याच्या उंचीला आल्यावर. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा वादळांचा असतो. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या बागासुद्धा झोपल्या. तसल्या वादळापुढे कुठलाच मांडव टिकणार नाही, पण नेहमीच्या मृगाच्या वावटळीत नुसते खांब उभे राहतात.

बी २० मेनंतर पिशव्यांत टाका, पडवीत किंवा छपराखाली. कारलं, पडवळ, दोडका यांची बियांची टरफलं कठीण असतात, एक दिवस पाण्यात भिजवून मग पेरा. दोन-तीन खरी पानं आली की पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट लावा, कारण या वेलांना मुळं हललेली चालत नाहीत. लावताना उन्हाळ्यासारखं आळं करू नका. पावसाळ्यात फूटभर उंचीचा मातीचा ढीग करायचा आणि रोप त्याच्या माथ्यावर. उन्हाळी पिकाला याच्या उलट, खोलगट आळं आणि वर पाल्याचं आच्छादन. ढिगात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर चुलीची राख मिसळा. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पावसात तिच्यातलं बरंच धुऊन जातं, राखेने दोन्हीला थोडा हातभार लागतो. युरियाचा मोह टाळा. जास्त नत्राने पानं तेवढी माजतात, नरफुलं वाढतात आणि मांडव गच्च होऊन खाली हवा खेळत नाही.

आणि रोपं कमी लावा. २५ फुटांत माणसं वीस-वीस वेल लावतात. माझं सांगणं असं की दोन दोडके, दोन पडवळ, दोन कारली बस झाली, फार तर एका टोकाला काकडीचे दोन वेल. प्रत्येक वेलाला तीन फूट तरी हवेत. पावसाळ्यात केवडा या बुरशी रोगाचे पिवळे डाग पानांवर येतात ते पानं सुकायला वेळ मिळत नाही म्हणून. वेलात अंतर असेल आणि बुडापासून दोन फुटांपर्यंतची पानं व फुटवे काढून टाकलेले असतील तर पाऊस उघडल्यावर मांडव तासा-दोन तासांत सुकतो. घरच्या भाजीवर मला औषध फवारावं लागत नाही ते याच्यामुळे. वेल गडग्यापर्यंत एकेरी न्यायचा, तिथे शेंडा खुडायचा आणि मग येणारे दोन-तीन फुटवे मांडवावर पसरून द्यायचे. काकडीचा शेंडा मात्र मी खुडत नाही.

कुठली वेलभाजी उभी चढवावी, याचं उत्तर फळाच्या वजनात आहे. पडवळ, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी, चवळीच्या लांब शेंगा या मांडवालाही चालतात आणि जाळीलाही. दुधी मांडवावर चालेल, उभ्या जाळीवर फळाला शिंकं बांधावं लागतं. लाल भोपळा आणि कोहळा तुमच्या पट्ट्यात नकोत, त्यांना गोठ्याचं छप्पर किंवा मोकळी जमीन द्या. पावसाळी तवसंही (मोठी गावठी काकडी) मोठं होतं, त्याला मांडवाची खालची, गडग्याजवळची बाजू द्या म्हणजे फळ गडग्यावर टेकतं.

तोंडलीचं प्रकरण वेगळं आहे. तो वेल वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे त्याला कायमचा स्वतंत्र मांडव हवा, तुमच्या हंगामी मांडवात तो मिसळू नका. तोंडली बियांपासून नाही, पेन्सिलीच्या जाडीच्या तीन-चार डोळ्यांच्या फाट्यापासून लावतात. चांगली फळं देणाऱ्या वेलाचाच फाटा मागून आणा. करटुली लावायचा विचार असेल तर त्याच्यात नरवेल आणि मादीवेल वेगळे असतात हे लक्षात ठेवा. आठ-दहा मादीवेलांमागे एक नरवेल पुरतो, पण तो एक नसेल तर एकही फळ धरत नाही. आणि अगदी कोकणातला म्हणावा असा उभा वेल हवा असेल तर चौधारी, म्हणजे चार धारांच्या शेंगांचा वेल. जून-जुलैत बी टाका आणि घाई करू नका, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलत नाही. वालपापडीचंही तेच. श्रावणात कितीही माजली तरी शेंगा दसरा-दिवाळीच्या पुढेच.

वाणांमध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वाण मी आधी सुचवतो, कारण ते इथल्याच पावसात निवडलेले आहेत: दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, कारल्यात कोकण तारा आणि काकडीत शीतल. शेजाऱ्यांकडे वर्षानुवर्षं धरलेलं गावठी बी मिळालं तर तेही थोडं लावा, विशेषतः तवशाचं.

आता गळणाऱ्या फळांकडे येतो, कारण मांडव सुधारला तरी हे आपोआप थांबणार नाही. गळलेलं फळ हातात घेऊन नीट बघा. ते टोकाकडून आक्रसत, सुकत पिवळं पडलं असेल आणि सालीला कुठेही भोक नसेल, तर परागीकरण झालेलं नाही. सालीवर टाचणीएवढं भोक, त्यावर डिंकासारखा थेंब, फळ एका बाजूला वाकलेलं आणि चिरल्यावर आत अळ्या असतील, तर ती फळमाशी. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि आपल्याकडे पावसाळ्यात दोन्ही एकाच वेलावर दिसतात.

परागीकरणासाठी वेळ कळायला हवी. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नरफुलंच येतात, त्याने घाबरायचं नाही. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. काकडी, कारलं, घोसाळं सकाळी फुलतात. दोडका संध्याकाळी चार-पाचनंतर, दुधीही संध्याकाळी, आणि पडवळाची पांढरी झालरीची फुलं अंधार पडताना. म्हणजे सकाळी कुंचला घेऊन दोडक्याकडे गेलात तर काही उपयोग नाही. पाऊस सतत लागला की मधमाश्या फिरकत नाहीत आणि पराग भिजतो. अशा दिवसांत पाऊस थोडा उघडला की ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. घरच्या सात-आठ वेलांना रोजची दहा मिनिटं लागतात. मांडव हाताला पोचेल एवढाच उंच ठेवा म्हणतो ते यासाठीही.

फळमाशीला सापळा लावा, पण योग्य गंधाचा. आंब्याच्या हंगामात उरलेला सापळा तसाच भाजीच्या मांडवात टांगलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. आंब्याच्या माशीसाठी मिथाईल युजेनॉल असतं, वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर लागतं. बाहेरचा डबा तोच चालेल, आतली गोळी बदला. मात्र सापळ्यात नर सापडतात आणि शेजारून आलेली मादी तरीही अंडी घालू शकते. म्हणून फळ बोटाएवढं झालं की त्याला पातळ कापडाची सैल पिशवी चढवा. वर्तमानपत्राचा कागद थंडीत चालतो, श्रावणात टिकत नाही. पडवळाला पिशवी पुरत नाही, त्याची फळं थोडी कोवळीच काढा. पडवळाच्या टोकाला लहानसा दगड दोऱ्याने बांधायची आपली पद्धत आहे ती सोडू नका, फळ सरळ वाढतं आणि वेलात गुरफटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र जमिनीवर आहे. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि तिथूनच पुढची माशी निघते. गळलेलं एकही फळ मांडवाखाली राहू देऊ नका. ते खतखड्ड्यातही टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. हे एक काम शेजारच्या दोन-तीन घरांनीही केलं तर फरक लगेच जाणवतो.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. तुमच्या पट्ट्याला सकाळचं ऊन घरामुळे मिळत नाही, दुपारनंतरचं मिळतं. ते पाच-सहा तास असेल तर पुरेसं आहे. माडाची किंवा आंब्याची सावली असेल तर या भाज्यांचा नाद सोडून माडावर मिरवेल चढवा, ती सावलीत खूश असते. ज्यांचा पट्टा घराच्या उत्तरेला आहे त्यांनी मात्र निराश होऊ नये. कोकणात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे पावसाळी पिकाला उत्तरेचा पट्टा वाटतो तितका अंधारा नसतो. तोच पट्टा थंडीत घराच्या सावलीत जातो, तेव्हा तिथे वेलभाजी लावू नये.

नवरात्रानंतर मांडवावरचे थकलेले वेल काढा आणि घराच्या बाजूच्या त्याच खांबांवर उभी जाळी ताणा. भिंतीपासून तीनेक फूट अंतर आपोआप राहतं. आता वारा मंद असतो आणि रचना मोडायची भीती नाही. काकडी, दोडका, कारलं पुन्हा लावा. यावेळी आळं करून, बुडाशी पाणी द्या, पानांवर नको. थंडीत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते ती कोरड्या दिवसांत आणि दाट सावलीत, तेव्हाही खालची पानं काढण्याचा नियम तोच. एप्रिलमध्ये हीच हिरवी जाळी पश्चिमेचं ऊन भिंतीपर्यंत पोचू देत नाही, घरातला त्रास चांगलाच कमी होतो. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळत असतील तर आठवड्यातून एकदा सकाळी लवकर वेल गोड्या पाण्याने धुवा, उन्हाआधी सुकले पाहिजेत.

थोडक्यात, पाईप काढा, गडग्यावरून उतरता मांडव करा, वेल निम्मे करा, गळलेलं फळ उचला. नवी जाळी घ्यायची ती ऑक्टोबरमध्ये.

राहिला कडू दुधी. शेजारच्या कारल्याने दुधी कडू होत नाही. ती दोन वेगळी झाडं आहेत आणि त्यांचा संकर होत नाही. कडूपणा वेलाला पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण बसल्याने येतो, कधी बियाण्यातच असतो. पण याकडे दुर्लक्ष करू नका. दुधी चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर थुंकून ते फळ टाकून द्यायचं. साखर-मीठ घालून, उकळून किंवा औषधी म्हणून त्याचा रस करून घेऊ नका. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसं दगावलेली आहेत. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठायचा. आणि ज्या वेलाला असं फळ आलं त्याचं बी धरू नका.